चौकडीच्या शर्टांचं गाव

आयर्लंडमधल्या बॅलीशॅननने रोरी गॅलहर या गिटारवादकावर हक्क सांगावा असं खरं पाहता फारसं काही नाही. तो इथे जन्मला, २ मार्च १९४८ रोजी, एवढंच. वडील डॅनी अर्न नदीवरच्या धरणाच्या आणि वीजघराच्या कामावर होते, म्हणून बिऱ्हाड इथे होतं. ते लवकरच डेरीला हललं. धाकटा डोनल १९४९ साली तिथेच झाला. पुढे आई मोनिका मुलांना घेऊन माहेरी, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, कॉर्कला गेली. रोरी तिथे वाढला, गिटार तिथे घेतली आणि जगाने त्याला ओळखलं ते कॉर्कचा म्हणून. १४ जून १९९५ ला लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलात वयाच्या ४७ व्या वर्षी तो गेला, तेव्हा दफनही कॉर्कजवळ बॅलिनकॉलिगला झालं. बॅलीशॅननच्या वाट्याला आलं होतं ते फक्त तान्हं पोर.

पण गावाला तेवढं पुरतं. २००२ पासून दरवर्षी, मे संपून जून लागतो त्या सुमारास, आयर्लंडची जूनमधली सोमवारची सुट्टी जोडून येते तेव्हा हे दोन-अडीच हजार वस्तीचं गाव चार दिवस रोरीच्या उत्सवाशिवाय दुसरं काही करत नाही. 'रोरी गॅलहर इंटरनॅशनल ट्रिब्यूट फेस्टिव्हल' असं त्याचं भारदस्त नाव. गावात मात्र कुणी एवढं लांबण लावत नाही. 'रोरीला आलात का?' असं विचारतात, आपल्याकडे आळंदीला आलात का विचारावं तसं.

मी रोरीला आलो होतो तो एका कॅसेटमुळे. कॉलेजात असताना कुणीतरी कुणाच्या तरी रेकॉर्डवरून उतरवलेली, मग त्यावरून पुन्हा उतरवलेली, बॉलपेनने 'आयरिश टूर ७४' लिहिलेली कॅसेट हाती आली. आवाज पाण्याखालून यावा तसा. तरी गिटार त्यातून वर यायची. तेव्हा हा माणूस कोण, कुठला, जिवंत आहे की नाही, काही माहीत नव्हतं. फोटोही पाहिला नव्हता. तो गेल्याची बातमीसुद्धा मला बऱ्याच उशिरा, सहज बोलता बोलता कळली. त्याच्या जाण्याला तीस वर्षं होत होती त्या वर्षी भाची डब्लिनला नोकरीला होती, आणि मग न जायला काही कारण उरलं नाही.

डब्लिनहून बॅलीशॅननला सरळ बस आहे. पण ती एनिस्किलनवरून, म्हणजे उत्तर आयर्लंडातून, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीतून जाते. सीमेवर ना फाटक ना शिपाई. पाट्यांवरच्या किलोमीटरांचे मैल झाले की समजायचं, देश बदलला. तिथला माणूस दूध आणायला पलीकडे जातो. नुसता आयर्लंडचा व्हिसा असलेल्या भारतीय पासपोर्टवाल्याने मात्र जाऊ नये. भाचीने मला बजावलं, "मामा, कुणी विचारत नाही हे खरं. पण विचारलंच तर काय सांगशील, गिटार ऐकायला चाललोय?" म्हणून मी वळसा घेतला. डब्लिनच्या कॉनली स्टेशनवरून तीनेक तासांत स्लायगो, आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी बस. हा रस्ता सुरेख आहे. उजवीकडे बेनबुलबेनचा माथा सपाट कापलेला डोंगर, त्याच्या पायथ्याशी ड्रमक्लिफच्या चर्चच्या आवारात कवी डब्ल्यू. बी. येट्सची कबर, पुढे बंडोरनला समुद्रात फळ्या घेऊन घुसणारी पोरं. येट्सच्या थांब्यावर आमच्या बसमधलं कुणी उतरलं नाही. बस चौकडीच्या शर्टांनी भरली होती.

हा शर्ट म्हणजे इथला गणवेश. रोरी बहुतेक आयुष्य स्टेजवर चौकडीचा सुती शर्ट, जीन्स आणि साधे बूट घालून उभा राहिला. त्याच्या बरोबरीचे लोक मखमल, झगमग आणि उंच टाचा मिरवत होते तेव्हाही. आज त्याची आठवण ठेवायची तर तो शर्ट घालायचा, असं सगळ्यांनी न ठरवता ठरवलं आहे. माझ्या शेजारी बसलेलं जर्मन जोडपं साठी ओलांडलेलं, दोघांचे शर्ट एकाच ताग्यातले असावेत. नवरा शाळकरी असताना, २३ जुलै १९७७ च्या रात्री, एसेन शहरातल्या ग्रुगाहालेमधून 'रॉकपालास्ट' या जर्मन टीव्ही कार्यक्रमाची पहिली रॉकरात्र युरोपभर टीव्हीवर थेट दाखवली गेली. पहाटेपर्यंत चाललेल्या त्या मैफलीत रोरी होता. घरचे झोपले होते, आवाज बारीक ठेवून पोराने ती पाहिली. हे सांगताना त्याने आवाज खरंच बारीक केला. जर्मन लोक या गावात इतके का दिसतात याचं उत्तर मला तिथेच मिळालं.

बॅलीशॅनन नदीच्या मुखाशी, चढावर वसलेलं आहे. पुलापासून निघालेला मुख्य रस्ता असा चढतो की सामान घेऊन वर जाताना दर दुकानाच्या काचेत बघायचं निमित्त करून थांबावं लागतं. गाव आपल्याला आयर्लंडातलं सर्वांत जुनं म्हणवतं. १६१३ ची सनद आहे. वर टेकडीवर सेंट ॲनच्या चर्चच्या आवारात विल्यम ॲलिंगम हा कवी पुरला आहे, तोही इथलाच. एरवी गावाचा मान त्याच्याकडे असतो, या चार दिवसांत त्याला कुणी विचारत नाही. अर्नचा असारो धबधबा, ज्यावरून साल्मन मासे उड्या मारत वर चढायचे, तो वीजप्रकल्पात नाहीसा झाला. डॅनी गॅलहर ज्या कामावर होते तेच हे काम. बापाने आणलेल्या विजेवर पोराने पुढे काय केलं हा विनोद गावातला प्रत्येक जण नवख्याला एकदा ऐकवतो, आणि आपणच पहिल्यांदा सुचल्यासारखा ऐकवतो.

गावाच्या मधोमध त्याचा ब्राँझचा पुतळा आहे, डेव्हिड ॲनंड या स्कॉटिश शिल्पकाराने केलेला, २०१० मध्ये बसवलेला. पुतळे बहुधा उभे असतात. हा वाजवतो आहे. गुडघा किंचित वाकलेला, केस पुढे आलेले. त्याच्याभोवती सकाळपासून रांग. माणसं त्याच्या शेजारी तशीच वाकून उभी राहतात आणि फोटो काढून घेतात. त्यातल्या निम्म्यांच्या गळ्यात खरी गिटार असते, आणि ती गिटारही बहुधा एकसारखीच. रंग उडालेली, कडा झिजलेल्या, आतलं लाकूड उघडं पडलेलं.

इथे थोडं त्या गिटारविषयी सांगायला हवं, कारण गावात दुसरा विषय नव्हता.

साल १९६३. आयर्लंडात तेव्हा शोबँडचा जमाना होता. सात-आठ जण, एकसारखे सूट, ट्रम्पेट-सॅक्सोफोन, एकदम शिस्तीत पावलं टाकत रेडिओवर गाजणारी गाणी जशीच्या तशी वाजवायची आणि बॉलरूममध्ये लोकांनी नाचायचं. जितकी नक्कल हुबेहूब तितकी सुपारी जास्त. रॉयल शोबँडच्या जिम कॉनलनने अमेरिकेहून फेंडर स्ट्रॅटोकास्टर मागवली होती, लाल रंगाची. आली ती सनबर्स्ट, म्हणजे मधे पिवळसर आणि कडेला गडद होत जाणारी. लाल आल्यावर ही कॉर्कच्या क्राउलीज या दुकानात विकायला ठेवली गेली. देशातली ती पहिली स्ट्रॅट असं म्हणतात. १५ वर्षांच्या रोरीने ती पाहिली. किंमत शंभर पौंडांना जराशी कमी. त्या घराला न झेपणारी. हप्त्याने घेतली आणि आईला पटवलं ते असं, की हिच्यावर साथ आणि सोलो दोन्ही मीच वाजवीन, बँडमध्ये दुसरा गिटारवाला ठेवायला नको, त्याचे पैसे वाचतील. हिशोब पोराला साजेसा होता. हप्ते फेडायला तो फाँटाना नावाच्या शोबँडमध्ये शिरला आणि सूट घालून नक्कल वाजवू लागला. रात्री घरी आला की रेडिओला कान लावायचा. लॉनी डॉनेगन ऐकता ऐकता त्याला कळलं की ही गाणी मुळात लेड बेली नावाच्या कुणा काळ्या माणसाची आहेत. मग तो त्या माणसाच्या मागे लागला, त्याच्या मागून ब्लूजगायक मडी वॉटर्सच्या. १९६६ मध्ये त्याने 'टेस्ट' हा तिघांचा बँड काढला. सूट गेला, शर्ट आला.

ती स्ट्रॅट एकदा डब्लिनमध्ये चोरीला गेली. पोलिसांच्या टीव्ही कार्यक्रमात तिची माहिती दिली गेली, आणि काही दिवसांनी ती एका चरात सापडली, पावसात भिजलेली, ओरखडे पडलेली. त्यानंतर रोरीने ती कधी रंगवून घेतली नाही. स्टेजवर दोन-दोन, तीन-तीन तास घाम गाळत वाजवायचा, आणि तो घाम हळूहळू रंग खात गेला. मोडलं ते मिळेल त्याने बदललं. सहा खुंट्यांपैकी पाच एका कंपनीच्या, एक दुसऱ्याच. बाराव्या पडद्याच्या दोन ठिपक्यांतला एक पडला तर तिथे प्लॅस्टिकचा बसवला. कामाचं हत्यार जसं वापरतात तसं.

२०२४ च्या ऑक्टोबरात लंडनला बॉनम्सच्या लिलावात ही गिटार खर्च धरून ८,८९,४०० पौंडांना गेली. घेणाऱ्यांनी, म्हणजे कार्यक्रम भरवणारे डेनिस डेझमंड आणि त्यांच्या कंपनीने, ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकली. गावात याचं समाधान मोठं होतं. एखाद्या अब्जाधीशाच्या भिंतीवर लटकली असती तर काय, असं बारमध्ये चारचौघे एकमेकांना विचारत होते आणि नुसत्या कल्पनेने पुढचा ग्लास मागवत होते.

आणि त्याच बारमध्ये भिंतीला टेकून ठेवलेल्या गिटारींवर पाच खुंट्या एकीकडच्या, एक दुसरीकडची. फेंडर कंपनी रोरीच्या नावाने जी महागडी प्रतिकृती बनवते तिच्यात त्याची प्रत्येक डागडुजी सांभाळली आहे. नवी कोरी गिटार कारखान्यात घासतात, खरवडतात, रंग उडवतात, बेजोड खुंटी मुद्दाम बसवतात. एका माणसाने मला ती हातात घेऊ दिली. उडालेल्या रंगाच्या कडेवरून मी बोट फिरवलं. खऱ्या झिजेत रंग पातळ होत होत लाकडाशी मिळून जातो, इथे कड बोटाला लागली. मी काही बोललो नाही. त्याने हौसेने विचारलं, कशी आहे? छान आहे म्हटलं. होतीच छान. तिच्यावर त्याने जे वाजवलं तेही छान होतं, रेकॉर्डवर आहे तसंच, प्रत्येक सूर जागच्या जागी.

माझं बिनसलं ते इथेच. संध्याकाळी मोठ्या तंबूत लागोपाठ तीन बँड ऐकले. तिघेही रोरीचीच गाणी वाजवणारे, तिन्हींत मधोमध उभा चौकडीचा शर्ट, एकाचे केसही तसेच वाढवलेले. व्हॉक्स एसी-३० ॲम्प, त्याच्या आधी आवाजाला धार आणणारा रेंजमास्टर, सगळं रोरीकडे होतं तसं. बॅटरीवर चालणारी ती चिमुकली डबी मिळवायला लोक किती खर्च करतात हे मला रांगेत उभ्या एका डच माणसाने सांगितलं, आणि मी ते इथे लिहिणार नाही, त्याच्या बायकोला कळू नये म्हणून. पहिला बँड ऐकताना अंगावर काटा आला. दुसरा ऐकताना मी ताल धरला. तिसऱ्याने तोच सोलो त्याच जागी सुरू केला तेव्हा मला शोबँड आठवले. ज्या हुबेहूबपणातून हा पोरगा जिवाच्या आकांताने बाहेर पडला, तोच आज त्याच्या नावाने उभा होता, फक्त सुटाच्या जागी शर्ट घालून. रोरीने स्वतः सोलो दोनदा सारखा वाजवला नाही. एकाच गाण्याची त्याची दोन थेट ध्वनिमुद्रणं शेजारी शेजारी लावून पाहावीत. सुरुवात ओळखीची, आणि मग तो कुठे वळेल याचा भरवसा नाही.

मिरजेला मीरासाहेबांच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. तिथे हजेरी लावणारा गवई खाँसाहेबांपुढे माथा टेकतो आणि मग आपल्या गळ्यातलं गातो. खाँसाहेबांसारखा पोशाख करून त्यांची रेकॉर्ड सुरासुराने म्हणून दाखवली तर लोक त्याला नकलाकार म्हणतील, आणि तोही भला माणूस असेल तर रागावणार नाही. तंबूत उभा राहून मी हेच मनात घोळवत होतो. पण आजूबाजूला पाहिल्यावर माझी पंडिती जरा ढिली पडली. माझ्या पुढे एक म्हातारा हातात नसलेली गिटार वाजवत होता. त्याची बोटं अचूक पडत होती, पुढची जागा येण्याआधी त्याचा हात तिथे पोचलेला असायचा. सूर बदलला असता तर त्याचा हात हवेत अडखळला असता. त्याला नवं काही नको होतं. ऐकायला मिळायचं बंद झालेलं जुनं हवं होतं, तेही छाती हादरेल एवढ्या आवाजात. गाणारा नट आहे हे त्याला माहीत होतं आणि त्याची काही हरकत नव्हती. हरकत माझी होती, आणि मी तिकीट काढून आत आलो होतो.

सगळेच तसे नसतात, हेही लिहायला हवं. जेरी मॅकव्हॉय, ज्याने वीस वर्षं रोरीच्या मागे बास वाजवला, त्याचा 'बँड ऑफ फ्रेंड्स' इथे येत आला आहे. शेजारच्या फर्माना काउंटीचा पॅट मॅकमॅनस येतो, तो रोरीला मानतो आणि वाजवतो मात्र पॅटसारखं.

रोरीचा स्वभाव बघता हा सगळा सोहळा त्याला कितपत मानवला असता कोण जाणे. १९७५ च्या जानेवारीत रोलिंग स्टोन्सना नवा गिटारवादक हवा होता. त्यांनी त्याला रॉटरडॅमला बोलावून घेतलं. तो गेला, काही रात्री त्यांच्याबरोबर वाजवलं, आणि नंतर काय ठरतं याची वाट न बघता विमान पकडून जपानला गेला, कारण तिथले त्याचे कार्यक्रम ठरलेले होते. लोकांनी तिकिटं काढली होती. एवढंच कारण. या गोष्टीवर तिथे दर रात्री वाद होतो. राहिला असता तर? असं एक जण म्हणतो, आणि मग निदान तीन देशांतली माणसं त्याच्यावर तुटून पडतात. स्टोन्सपेक्षा मला मडी वॉटर्सची गोष्ट जास्त आवडते. १९७१ च्या डिसेंबरात मडी वॉटर्स लंडनला रेकॉर्डिंगला आले होते. रोरी बाहेरगावचे आपले कार्यक्रम उरकून रात्री गाडी हाकत स्टुडिओत पोचायचा, आणि मडी त्याच्यासाठी थांबलेले असायचे. ज्याच्यासाठी कॉर्कमध्ये रात्री रेडिओला कान लावला, तो माणूस.

बॅलीशॅननपासून काही मैलांवर उत्तर आयर्लंड सुरू होतं, हे बारमधल्या गप्पांत सारखं जाणवतं. सत्तरच्या दशकात बेलफास्टला बॉम्ब फुटत होते आणि बाहेरच्या बँडांनी तिथे जाणं सोडलं होतं. १९७५ च्या जुलैत मायामी शोबँडची गाडी रात्री परतीच्या रस्त्यावर अडवली गेली आणि तिघा कलावंतांना ठार मारण्यात आलं. लोकांना नाचवणारी, कुणाच्या अध्यात नसलेली माणसं. त्या सगळ्या वर्षांत रोरी बेलफास्टच्या अल्स्टर हॉलमध्ये वाजवायला येत राहिला. भाषण नाही, निवेदन नाही. यायचा आणि वाजवायचा. तिथे कॅथलिक-प्रॉटेस्टंट पोरं एका छपराखाली उभी राहायची. बेलफास्टच्या पलीकडून आलेला एक निवृत्त बसचालक मला सांगत होता, की हॉलमधून बाहेर पडल्यावर आपापल्या वस्तीच्या रस्त्याला लागेपर्यंत कोण कुठला हे कुणी विचारत नसे, त्यापुढे मात्र मान खाली घालून भरभर चालायचं. 'आयरिश टूर ७४' मध्ये १९७४ च्या जानेवारीतल्या बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्कच्या मैफली आहेत. माझ्या कॅसेटवर जो कल्लोळ पाण्याखालून ऐकू यायचा त्यात हा माणूस होता म्हणे, दुसऱ्या रांगेत. २०२५ च्या जानेवारीत बेलफास्टनेही अल्स्टर हॉलजवळ रोरीचा पुतळा बसवला. तो इथल्यापेक्षा चांगला की वाईट यावर बॅलीशॅननमध्ये मत विचारू नये.

एक गोष्ट उत्सवात कुणी मोठ्याने बोलत नाही. रोरी यकृताने गेला. विमानाची भीती, त्यासाठी आणि इतर कशाकशासाठी डॉक्टरांनी दिलेली औषधं, त्यावर दारू, वर्षानुवर्षं रस्त्यावरचं आयुष्य, आणि शेवटची काही वर्षं हॉटेलच्या खोलीतला एकटेपणा. लग्न केलं नाही. १९९५ च्या जानेवारीत नेदरलँड्समध्ये शेवटचं स्टेजवर चढला. यकृत बदललं, शरीराने ते घेतलं असं वाटत असतानाच जंतुसंसर्गाने गाठलं. त्याच्या नावाच्या उत्सवात बिअरचे पिंप सकाळी अकरापासून वाहतात. मी काही दारूबंदीवाला नाही, आणि आयर्लंडात माणूस मेला की पिऊनच त्याला निरोप देतात हेही ठाऊक आहे. तरी शनिवारी दुपारी चढावरून अडखळत उतरणारे ते सगळे चौकडीचे शर्ट पाहताना मला त्याच्या यकृताची आठवण झाली, एवढं नोंदवतो.

मला जे हवं होतं ते तंबूत नव्हे, शनिवारी संध्याकाळी एका बारच्या मागच्या खोलीत मिळालं. रस्त्यावरचे आणि बारमधले कार्यक्रम फुकट असतात. आत शिरलो तो पाऊस चुकवायला. कोपऱ्यात सोळाएक वर्षांची मुलगी साधी लाकडी गिटार घेऊन बसली होती, शेजारी बाप. तिथे अठराच्या आतल्या मुलांना उन्हाळ्यात बारमध्ये रात्री दहापर्यंतच थांबता येतं, त्यामुळे बापाचं लक्ष गाण्याकडे कमी, घड्याळाकडे जास्त. बाहेर मात्र दहा वाजता अजून लख्ख उजेड असतो. अंगावर तिच्या काळा स्वेटर होता, हे पाहूनच मला बरं वाटलं. तिने जाड तार उतरवली, आणखी उतरवली, कान गिटारच्या पोटाला लावून ऐकली. करंगळीत काचेची नळी चढवली. मग 'अ मिलियन माइल्स अवे' सुरू केलं. हे १९७३ च्या 'टॅटू' मधलं गाणं इथे राष्ट्रगीतासारखं आहे, सगळ्या खोलीला पाठ. तिने ते निम्म्या लयीत घेतलं. काच तारेवरून सूर शोधत सरकायची, नेमक्या जागेच्या किंचित खाली थांबायची, आणि मग जणू नाइलाजाने वर चढायची. ओळींच्या मधे ती इतकी थांबत होती की बारवाल्याने ग्लास विसळणं थांबवलं. रेकॉर्डवर जिथे मोठा सोलो आहे तिथे तिने एकच सूर लावला, तो विरू दिला, आणि पुढच्या ओळीवर गेली.

संपल्यावर क्षणभर कुणाला काय करावं कळेना. मग मागून एक चौकडीचा शर्ट ओरडला, सोलो कुठे गेला? खोलीभर हशा झाला. मुलीने खांदे उडवले, लिंबूपाण्याचा घोट घेतला आणि दुसरं गाणं सुरू केलं. ते रोरीचं नव्हतं, मला ओळखीचंही नव्हतं. तिचंच असावं. बराच वेळ कुणी उठलं नाही, आणि तो ओरडणारा माणूस पुढे येऊन जमिनीवर बसला.

आता कुणी म्हणेल, हा एक प्रसंग धरून मी तंबूतल्या हजारोंना मोडीत काढतो आहे. तसं नाही. तो तंबू भरला नसता, त्या जर्मनांनी आणि डचांनी खोल्या घेतल्या नसत्या, तर मागच्या खोलीत कोण कशाला गायला बसलं असतं? ती मुलगी याच गावात वाढली असेल तर लहानपणापासून दर जूनला तिने हे शंभरदा ऐकलं असणार, सुरासुराने, हुबेहूब. आमच्याकडे तालीम म्हणतात त्यात तरी पहिली काही वर्षं दुसरं काय असतं? गुरू म्हणेल तसं म्हणायचं. प्रश्न पुढचा असतो, आणि तो साठीतल्या लोकांनी सोडवावा अशी अपेक्षा मी करत होतो, हे माझंच जरा अती झालं. त्यांनी गिरण्या चालवल्या, शाळा शिकवल्या, ट्रक हाकले. आता चार दिवस त्यांना रोरी व्हायचं आहे.

रविवारी दुपारी ॲबी आर्ट्स सेंटरमध्ये डोकावलो. रोरीची आई या गावात हौशी नाटकात कामं करायची, तेव्हाचं ते थिएटर. आता आतल्या एका सभागृहाला मुलाचं नाव आहे. वडील ॲकॉर्डियन वाजवायचे, 'तीर कोनल केली बँड' मध्ये. म्हणजे थोडक्या मुक्कामातही या घराने गावात गाणं-नाटक केलं होतं, गावाचा हक्क मला वाटला तितका पोकळ नव्हता. बाहेर एक शाळकरी पोरगा आपल्या गिटारच्या कडा सँडपेपरने घासत बसला होता. विकत घेण्याइतके पैसे नसतील. बरोबर जागा कोणत्या हे बघायला त्याने फोनवर फोटो उघडा ठेवला होता.

सोमवारी सकाळी खोलीची मालकीण हिशोबाची वही घेऊन बसली होती. सत्तरीची, तुरतुरीत बाई. चारही दिवस तिने एक सूर ऐकला नव्हता, तिला ते संगीत आवडत नाही; ऑगस्टमधला लोकसंगीताचा महोत्सव म्हणजे खरं गाणं, असं तिचं मत. पण रोरीवाले पाहुणे चांगले, भांडत नाहीत, पलंग मोडत नाहीत. पुढच्या वर्षीची खोली सगळे निघतानाच ठरवतात, असं म्हणून तिने पान उलटलं. वर्षानुवर्षांची तीच नावं होती, एसेन, उट्रेख्त, ग्लासगो. काही नावं पेनाने, काही पेन्सिलने लिहिलेली. हा फरक कशाचा, विचारलं.

"पेन्सिलवाले पासष्टच्या पुढचे," ती म्हणाली. "खोडायला सोपं जातं. तुझं वय काय?"

मी सांगितलं. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि पेन उचललं.

"एका रात्रीचे पैसे आगाऊ. आला नाहीस तर परत मिळणार नाहीत."

मी भरले.